ठणठणीत

नळाच्या पाण्याचा आलेख सपाट यायला हवा होता. त्याऐवजी पडद्यावर एक शिखर उभं राहिलं, आणि तेही थोडंथोडकं नाही. रेघ जी वर चढत गेली ती पडद्याची वरची कड ओलांडून दिसेनाशी झाली आणि बऱ्याच वेळाने पलीकडून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खाली उतरली. मी पहिल्यांदा चिडले ती शून्यकाकांवर. कुणावर तरी चिडल्याशिवाय माझं डोकं चालायला लागत नाही, आणि शून्यकाका जवळच उभे होते. आमच्या प्रयोगशाळेतली यंत्रं ते सांभाळतात. काहीही बिघडलं, कुणी कितीही घाबराघुबरा होऊन सांगत आला, तरी त्यांचं वाक्य एकच, "आधी शून्य दाखवा." म्हणजे ज्यात काहीच नाही अशा शुद्ध पाण्यात यंत्र 'काही नाही' असंच म्हणतंय ना, ते आधी दाखवा, मग तुमचं रडगाणं गा. त्यावरून त्यांना हे नाव पडलं आणि त्यांनी ते बिनतक्रार वापरलं. "बीकर नीट धुतलं होतं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, बीकर तुम्हीच धुतलंत." ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. त्यांनी शुद्ध पाण्याची बाटली माझ्यासमोर सरकवली. मी शून्य दाखवलं. रेघ सपाट, गाढ झोपलेली. यंत्र खरं बोलत होतं. पुन्हा माझं पाणी घातलं, आणि शिखर त्याच जागी, तितक्याच उद्धटपणे उभं राहिलं.

हे शिखर कशाचं असतं ते सांगायला हवं. आम्ही पाण्यातली औषधं शोधतो. माणसं गोळ्या घेतात, शरीर त्यातलं काही ठेवून घेतं, उरलेलं सोडून देतं, आणि ते गटारातून नदीत जातं, नदीतून पुन्हा कुणाच्या तरी घशात. माणसं एकमेकांची औषधं नकळत थेंब थेंब पीत असतात. ती पकडायला माझ्याकडे एक संयुग आहे. त्यात धातूचे अणू आणि ऑक्सिजन एकमेकांत गुंफून त्यांचा एक चेंडू झालेला असतो, कुठल्याही डोळ्यांना न दिसणारा. असे असंख्य चेंडू मी कार्बनच्या एका चकतीवर थापते. औषधाचा रेणू तिथे येऊन टेकला की तो आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, चेंडू ते घेतो, किंचित वीज वाहते आणि पडद्यावर शिखर उगवतं. जितकं औषध तितकं शिखर. त्याच घराण्यातलं दुसरं संयुग, टंगस्टनचं, पावडर करून मी पाण्यात ढवळते आणि दिव्याखाली ठेवते. ते प्रकाश पितं आणि त्या जोरावर औषधाचे तुकडे करतं. एक भाऊ शोधणारा, दुसरा मोडणारा. या चेंडूंची मला आवडणारी गोष्ट अशी, की त्यांच्यात बरेच इलेक्ट्रॉन कोंबले तरी त्यांचा सांगाडा मोडत नाही. फक्त रंग बदलतो. फिकट पिवळे असतात ते गडद निळे होतात, आणि ओझं उतरवलं की पुन्हा पिवळे. हे मी एकदा घरी बाबांना अगदी रंगात येऊन सांगितलं होतं. बाबा आयुष्यभर शहराची बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे त्याच्यावर किती भार पडलाय ते रंगावरून कळतं. बरी सोय आहे." तेव्हापासून माझ्या सगळ्या संशोधनाला ते 'तुझी नीळ' म्हणतात. रोज मी घरी आले की चपला काढायच्या आत प्रश्न येतो, काय म्हणते तुझी नीळ?

आणि हे पाणी माझ्या घरचं होतं. सरांनी सांगितलं होतं, नदीचं पाणी झालं, कारखान्याच्या नाल्याचं झालं, आता साधं नळाचं तपासून टाका म्हणजे शोधनिबंध पुरा. नेमकं आज इमारतीचे नळ बंद होते, खाली रस्ता खणून जलवाहिनी बदलत होते, सकाळपासून त्या खोदकामाच्या यंत्राने डोक्याचा भुगा केला होता. मला थांबायला वेळ नव्हता. माझं जायचं ठरलेलं आहे. दूर देशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत, दोन वर्षांसाठी. सामानाची यादी भिंतीवर, मोठी बॅग पलंगाखालून बाहेर आलेली. जाण्याआधी निबंध हातावेगळा करायचा. म्हणून मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घरच्या नळावर भरलेली, आणि त्यातलं थोडं बीकरमध्ये ओतलं. जरा गढूळ दिसलं. मी म्हटलं, खोदकाम आमच्या भागातही चालू असेल. गाळून घेतलं, आणि पुढे चालू लागले. आपण किती शहाणपणाने आंधळे असतो ते मला नंतर, त्या गाळणीच्या कागदावर उरलेला पांढरा चिकट थर आठवताना कळलं. तेव्हा तो मी नीट बघितला नव्हता. मी तो चिमट्याने उचलून टाकून दिला होता.

सर आले, त्यांनी पडदा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "नळाच्या पाण्यात? एवढं? अहो, हे वर्तमानपत्रात जाईल." मी म्हटलं, सर, हे शक्य नाही. नदीच्या पाण्यात जे सापडतं ते शोधायला डोळ्यांत तेल घालावं लागतं, आणि हे तर पडद्यात मावत नाहीये. एवढं औषध नळातून आलं असतं तर अख्ख्या शहराची डोकेदुखी थांबली असती. सर हसले नाहीत. मोठी माणसं आनंदात असली की त्यांना विनोद कळत नाही. "आधी खात्री करा," एवढं म्हणून ते गेले, पण जाताना त्यांची चाल वर्तमानपत्राकडे निघाल्यासारखीच होती. खात्री करायची रीत सोपी आहे. ज्याचा संशय आहे ते औषध, आपल्या ओळखीचं, मोजून थेंबभर त्यात घालायचं. पाण्यातला पदार्थ वेगळा असेल तर सहसा बाजूला दुसरं शिखर उगवतं. तोच असेल तर तेच शिखर आणखी वाढतं. मी पाणी पातळ केलं, पुन्हा पातळ केलं, शिखर पडद्यात मावेल एवढं खाली आणलं, आणि कपाटातल्या पॅरासिटामॉलचा थेंब टाकला. शिखर जागचं न हलता वर सरकलं. शून्यकाका माझ्या खांद्यामागून म्हणाले, "तेच आहे." मी म्हटलं, हो, तेच आहे. तापावरचं, अंगदुखीवरचं, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळणारं साधं औषध. माझ्या घरच्या पाण्यात.

मी उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. धुतलेला चंबू पुन्हा धुतला. हात वाळवता वाळवता माझं लक्ष टेबलावरच्या बाटलीकडे गेलं. आमच्या घरात अशा दोन बाटल्या आहेत. एकाच वेळी घेतलेल्या, एकसारख्या, स्टीलच्या. माझी जिन्यावरून पडली होती, तिच्या बुडाला पोचा आलाय, टेबलावर ठेवली की किंचित डुगडुगते. ही डुगडुगत नव्हती. मी तिला बोट लावून बघितलं. बाबांची बस थांब्यावर कशी धक्का न देता थांबायची, तशी ती शांत उभी होती. सकाळी घाईत ओट्यावरून मी बाबांची बाटली उचलली होती.

मग सगळं एकदम आलं नाही. तसं येत नाही. एकेक गोष्ट आली आणि आधीच्या गोष्टीच्या शेजारी जाऊन बसली. बाबा आजकाल पाणी फार पितात. वर्षानुवर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, बाबा पाणी प्या, बाबा दिवसभरात तुम्ही एक पेला पीत नाही. बस चालवणाऱ्याला मधे उतरता येत नाही म्हणून तहान मारायची सवय लागलेली. आणि अलीकडे बघावं तर बाटली सतत जवळ. घोट घोट, दिवसभर. मी त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं. "शहाणे झालात हो बाबा," असं म्हणाले होते मी, त्यांच्या पाठीवर थाप मारून. आणि त्या थापेने त्यांनी ओठ आवळले होते ते मला आत्ता, या खिडकीपाशी उभं राहून दिसलं. प्यायच्या आधी ते बाटली हलवतात. "सरबत आहे का त्यात?" मी चिडवलं होतं. "इंजिन सुरू करायच्या आधी बघावं लागतं," ते म्हणाले आणि आम्ही दोघं हसलो. सकाळचा फेरफटका, जो कधी नव्हता तो सुरू झाला, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. जिन्यावर ते मला म्हणतात, तू हो पुढे, मी दार नीट लागलंय का बघतो. दार एवढं काय बघायचं असतं? आणि बाबा घरात उभे असतात. खिडकीशी उभे, टेबलाशी उभे, बातम्या उभ्यानेच. "आयुष्यभर बसून काढलं, आता उभं राहू दे की जरा," असं म्हणाले होते. मी ते मैत्रिणींना सांगितलं होतं, बाबांचा विनोद म्हणून.

गोळ्यांचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. कुणी गोळी घेताना दिसलं की ते असं बघायचे जसं काही त्याने विनातिकीट प्रवास केलाय. आणि आता तेच गोळ्या कुटून बाटलीत मिसळत होते, मला दिसू नयेत म्हणून. मी विचारायचे, "कसं आहे बाबा?" आणि ते म्हणायचे, "ठणठणीत." दर वेळी हाच शब्द. जायचं पत्र आलं त्या दिवशी मी म्हटलं होतं, तुमची तब्येत बरी असेल तरच जाईन, तुम्हाला काही होत असेल तर आत्ताच सांगा, मला नाही म्हणायला एक क्षण लागणार नाही. आणि मी ते अगदी खरं म्हणत होते, निदान म्हणताना तरी. बाबांनी स्वतःच्या छातीवर मूठ आपटून दाखवली होती. ठणठणीत! मी तो शब्द तोंडात घोळवत बसले, जिभेवर एखादा खडा यावा तसा तो लागायला लागला. ठणठणीत. ठणका. या शब्दाच्या पोटात ठणका आहे, आधीपासूनच आहे, आणि मी तो दररोज ऐकून चपला काढत होते.

आई होती तेव्हा आमच्या घरात दुखणं लपून राहायची सोयच नव्हती. आई खाली वाकली की म्हणायची, आई गं. उठली की आई गं. डबा काढायला हात वर केला की आई गं, आणि तो डबा रिकामा निघाला तर आणखी एकदा. शेजारच्या घरातून विचारायचे, काय झालं हो? काही नाही, बसले, असं ती सांगायची. लहानपणी मला वाटायचं, आई स्वतःलाच हाका मारते. मग मोठी झाल्यावर एकदा मी बाबांना विचारलं, तुम्ही का नाही म्हणत कधी? त्यांच्या हातावर तेव्हा इंजिनाच्या झाकणाने भाजलेला मोठा फोड होता. ते म्हणाले, "एका घरात एकानेच म्हणावं. दोघंही म्हणायला लागले तर ऐकणार कोण?" आई त्यावर आतून ओरडली होती, म्हणजे तुम्ही ऐकता तर! आई गेली तेव्हा शेवटपर्यंत ती आपलं दुखणं मोठ्याने सगळ्यांना वाटत राहिली, आणि बाबा तिच्या उशाशी बसून ते घेत राहिले. त्यांचा रंग बदलला होता का तेव्हा? मी बघितलं नाही. मी आईकडे बघत होते. ती गेल्यावर ऐकणारे ते आणि म्हणणारं कुणी नाही, असं घर झालं. मग त्यांनी म्हणावं, मी ऐकेन, हे इतकं साधं होतं. पण मी तर निघाले होते.

शून्यकाकांनी विचारलं, "उरलेल्या पाण्याचं काय करू?" मी म्हटलं, दिव्याखाली लावते. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. पाण्यात औषध आहे, माझ्याकडे औषध मोडणारी पावडर आहे. हातांना वर्षानुवर्षांची सवय, हात आपले चालतात. बाटलीतलं आणखी पाणी मी काचपात्रात ओतलं, पावडर घातली, ढवळणी सुरू केली आणि आधी काळ्या कापडाने झाकून ठेवलं. ही आमची रीत आहे. दिवा लावायच्या आधी थोडा वेळ अंधारात ढवळायचं असतं. कारण कधी कधी औषध मोडत नाही, नुसतं पावडरीला चिकटून बसतं. पाणी तपासलं तर औषध कमी झालेलं दिसतं. आपण खूश होतो, की गेलं. गेलेलं काही नसतं, फक्त पाण्यातून उठून दुसरीकडे जाऊन बसलेलं असतं. नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवते, न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. मोठ्या ठसक्यात शिकवते. मग मी कापड काढलं, दिवा लावला. तो पांढरा, डोळ्यांना बोचणारा उजेड. थोड्या थोड्या वेळाने त्यातलं थोडं पाणी काढून मी तपासत राहिले, आणि शिखर खचायला लागलं. आधी टोक बोथट झालं, मग खांदे उतरले. मला बरं वाटायला लागलं होतं, कबूल करते, चांगलं वाटत होतं, जसं काही बाबांच्या पाठीतून मी ते उपसून काढतेय आणि ते आता पार नाहीसंच होईल.

आणि मग मी दिव्याकडे बघता बघता ताडकन उभी राहिले, स्टूल मागे आपटलं. मी काय मोडत होते? बाबांचं दुखणं नव्हे. बाबांचं औषध. त्यांची बाटली इथे, म्हणजे माझी बाटली तिथे. सकाळपासून बाबा साधं पाणी पीत होते. बाटली हलवत होते, घोट घेत होते, ठणका उतरायची वाट बघत होते, आणि तो उतरत नव्हता, कारण त्यांच्या हुशार मुलीने त्यांचं औषध शहरापलीकडे आणून दिव्याखाली लावलं होतं. मी दिवा बंद केला. इतक्या जोरात की बटणाचा तुकडा उडाला. मी शून्यकाकांना म्हटलं, सरांना सांगा, नळाचं पाणी स्वच्छ आहे. बाटली माझी नव्हती. त्यांनी मान हलवली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "जा तुम्ही. मी आवरतो."

जिन्यातूनच फोन लावला. बराच वाजला. "हं, बोल," बाबा म्हणाले. आवाज नेहमीसारखा, फक्त शब्दाच्या आधी एक श्वास जास्त.

"कसे आहात?"

"ठणठणीत. का गं, अशी अवेळी?"

"सहज. जेवलात?"

"जेवलो. अगं, आपल्या बाटल्या बदलल्या वाटतं सकाळी."

"हो का? मला नाही कळलं."

मग बाबा, फार सांभाळून, वळणावर बस वळवावी तसे म्हणाले, "तू प्यायलीस का त्यातलं?"

"नाही."

"पिऊ नकोस. धुतलेली नाहीये ती. बरेच दिवस झाले."

"बाबा, तुम्ही आडवे पडा जरा."

"मला काय झालंय आडवं पडायला?" ते म्हणाले. "तू कामं कर तुझी. काय म्हणते नीळ?"

मी म्हटलं, निळी झालीय. आणि फोन बंद केला.

बसमध्ये मी खिडकीशी बसले, बाटली मांडीवर धरून. दोन्ही हातांनी धरली होती. शेजारच्या बाईंनी बघितलं, त्यांना वाटलं असेल काही पूज्य आहे त्यात. रस्ता उखडलेला होता आणि गाडी हाकणारा तरणा, त्याला कसली पर्वा नव्हती, प्रत्येक खड्ड्यात सगळी बस आदळत होती. बाबांच्या बसमध्ये मी लहानपणी चालकाच्या मागच्या बाकावर झोपून जायचे. ते म्हणायचे, खड्डा मी बघतो, तू झोप. खड्डा आला की ते आधी स्वतः आसनावरून किंचित उठायचे, चाक आवळून धरायचे, आणि तो अख्खा दणका कुठेतरी त्यांच्या कमरेत जाऊन मुरायचा. मागे माझ्यापर्यंत पाळण्याच्या झोक्याएवढाच यायचा. मला वाटायचं, आमच्या शहराचे रस्ते गुळगुळीत आहेत. मला एकदम त्यांचा राग आला. खूप आला. कुणी सांगितलं होतं? कुणी विचारलं होतं? मला परदेशी पाठवून हा माणूस घरात उभा राहून राहून एक दिवस पडणार होता, आणि मला तिकडे फोनवर शेवटपर्यंत एकच शब्द ऐकू येणार होता. आणि त्या रागाच्या तळाशी, गाळासारखी, आणखी एक गोष्ट होती: कळलंच नसतं तर मी गेले असते, आनंदाने. अजूनही जावंसं वाटत होतं. बस आदळली आणि बाटलीत पाणी डुचमळलं. निम्म्याहून कमी उरलं होतं.

दार उघडून मी आत गेले तर बाबा खिडकीशी उभे. एक हात चौकटीवर, सहज ठेवल्यासारखा. पण बोटांची पेरं पांढरी पडलेली. "एवढ्या लवकर?" ते म्हणाले. मी म्हटलं, काम लवकर संपलं. टेबलावर माझी बाटली होती, पोचा आलेली, झाकण उघडं, रिकामी. म्हणजे त्यांनी ती सगळी प्यायली होती, कदाचित चुकून त्यातच तळाला काही असेल म्हणून. तिच्या शेजारी मी त्यांची बाटली ठेवली. बाबांची नजर तिच्यावर जाऊन पुन्हा खिडकीबाहेर गेली. ते जागचे हलले नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, उगीच भांडी वाजवली. माझी पाठ वळली की ते पितील, असं मला वाटलं. कान मात्र बाहेर, त्या झाकणाच्या किरकिरीकडे. किरकीर आली नाही. मी आत आहे तोवर ते पिणार नव्हते, आणि मी तर त्यांना प्यायला मिळावं म्हणूनच आत उभी होते. आम्ही दोघं एकमेकांच्या पाठीमागे फार नीट वागतो. मी नळ बंद केला, बाहेर आले, त्यांच्यासमोर ती बाटली उचलली, झाकण काढलं आणि तोंडाला लावली.

"अगं!"

कडू होतं. जिभेवर खडूसारखं काहीतरी राहिलं. मी गिळलं आणि म्हटलं, "बाबा, हे कडू आहे."

"बाटली जुनी झाली."

"दोन्ही एकदमच घेतल्यात."

मी पुन्हा बाटली वर केली.

"सगळं संपवू नकोस," बाबा म्हणाले. "मला लागेल."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती सवयीने हलवली आणि माझ्याकडे बघून, शिकवल्यासारखं म्हणाले, "हलवून घ्यावं लागतं. खाली बसतं." मग न थांबता, माझ्यादेखत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि मनगटाने ओठ पुसले. मी विचारलं, कुठे दुखतं?

"तू जाणार आहेस ना?"

"आधी सांगा."

"जाणार असशील तर सांगतो."

"सांगितल्यावर ठरवेन."

"कंडक्टर झाली असतीस तू," बाबा म्हणाले. "आधी तिकीट, मग जागा."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्यांनी दोन्हीकडे दुर्लक्ष केलं. मी आईची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर आणली. ती बसकी आहे. कित्येक महिन्यांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, आणि का ते मला आजच कळलं होतं. "बसा," मी म्हटलं. ते खुर्चीकडे बघत राहिले. "बसलो तर तुला कळेल," ते म्हणाले. मी म्हटलं, कळू दे.

बाबांनी चौकटीवरचा हात सोडला. खुर्चीचे दोन्ही हात धरले, गुडघे वाकवले आणि मधेच अडकले, धड खाली नाही धड वर नाही, कपाळावर घाम. मी पुढे झाले तर मानेने नको म्हणाले. मग त्यांनी अंग सोडून दिलं.

"आई गं," बाबा म्हणाले. दचकून माझ्याकडे बघितलं, जसं काही दुसऱ्याच कुणाचा आवाज आला. मी ऐकत होते. आणि मग त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा म्हटलं, मोठ्याने, आई म्हणायची तसं, गं लांबवत, शेजारच्या घरात जाईल असं.